सगळ्यात मोठी नोट

"मोठीच द्या मॅडम. तुमच्याकडे असेल ती सगळ्यात मोठी," चष्मेवाले काचेच्या फटीशी वाकून म्हणाले. "लहान नोटांनी पाकीट फुगतं. आणि फुगलेलं पाकीट बोटीवर कुणाच्याही डोळ्यांत भरतं."

"मागच्या वेळी दिल्या, त्याच ना?" तिनं खण ओढत विचारलं.

"त्याच. विटकरी रंगाच्या."

त्यांनी सरकवलेल्या नोटा लहान किमतीच्या होत्या, आणि कडेनं वळलेल्या. घट्ट गुंडाळी करून कुणीतरी रबर लावून ठेवावं, तशा. तिनं त्या टेबलावर तळहातानं सपाट केल्या. मोजायचं मशीन अशा नोटा गिळत नाही, परत बाहेर टाकतं. पूर्वी एखादं गिऱ्हाईक अशा नोटा घेऊन आलं की ती आधी त्याचा चेहरा नीट बघून घ्यायची. चष्मेवाल्यांचा चेहरा तिला बघावा लागत नव्हता. तो पाठ होता.

बंदराच्या दारातल्या त्या चलन बदलून देणाऱ्या ऑफिसात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे बोट गाठायच्या घाईतली माणसं. कुणालाही सुट्टे हवे असले की ते तिच्याकडे असायचेच, म्हणून ऑफिसातल्या मुलींनी तिचं नाव 'सुट्टेताई' पाडलं होतं. पन्नाशी उलटली तरी ती स्वतःही सुटीच राहिली, असा त्या नावाला दुसरा एक खोचक अर्थ होता. तो तिला माहीत होता. ती रागवायची नाही.

चष्मेवाले पहिल्यांदा आले तेव्हा तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. "द्या बघू इकडे," ते म्हणाले, आणि खिशातून एक बारीक पेचकस काढून त्यांनी तिथंच, रांग खोळंबवून, काडी घट्ट करून दिली. "आयुष्यभर हेच केलंय. आता हसलात तरी पडायचा नाही."

त्या संध्याकाळी घरी जाताना तिनं दोनदा उगाचच हसून पाहिलं.

मग हळूहळू त्यांची हकिगत कळत गेली. बायको गेलेली. चष्म्यांचं दुकान विकलेलं. एकुलती एक मुलगी परदेशात, नवरा सोडून गेलेला, आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी व्हायला आलेल्या. बँकेतून पैसे पाठवले तर वाटेतच कात्री लागते, म्हणून बोटीवरच्या एका ओळखीच्या खलाशाच्या हाती ते पाकीट पाठवत. एकदा रक्कम जरा जास्त होती आणि ओळखपत्र घरी राहिलेलं. त्यांचा उतरलेला चेहरा बघून तीच म्हणाली, "एवढी रक्कम असली की ओळखपत्र मागावंच लागतं हो. त्यापेक्षा थोडी थोडी आणत चला ना. कुणी काही विचारणार नाही."

"असं चालतं?"

"चालतं म्हणजे... चालून जातं."

पुढे त्यांचं ओळखपत्र नूतनीकरणाला गेलं ते परत आलंच नाही. मग चार-पाच वेळा तिनं स्वतःच्या नावावर नोटा घेऊन त्यांना दिल्या. मुलीचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. अशा वेळी नियम काय सांगायचे?

रविवारी ते घरी यायला लागले. तिची आई ऐकायला अगदी कमी. तिच्याशी बोलायचं तर घसा ताणावा लागे. चष्मेवाले कंटाळायचे नाहीत. खुर्ची तिच्या कानाशी ओढून सावकाश, मोठ्यानं बोलायचे. आईला ते दोन वाक्यांत हसवत. ते गेले की आई म्हणायची, "माणूस नीट आहे गं. वय झालं म्हणून काय झालं? वय तुझंही झालंच आहे की."

"आई, हळू बोल. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे. चांगलीच बातमी आहे."

एका रविवारी निघताना ते जिन्यात थांबले. "मुलगी एकदा बरी झाली ना," ते म्हणाले, "की मग मला स्वतःचं असं काहीतरी बघायचंय." एवढंच. तिच्या दंडाला त्यांचा हात ओझरता लागला. त्या आठवड्यात तिनं खिडकीचे पडदे बदलले.

आणि मग एका मंगळवारी सकाळी ऑफिसचं शटर वर जातंय न जातंय तोच साहेबांनी तिला आत बोलावलं. आत एक पोलीस अधिकारी बाई बसल्या होत्या. साध्या कपड्यात, तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी एक फोटो पुढे केला.

"यांना ओळखता?"

"हो. चष्मेवाले. काय झालं त्यांना? बरे आहेत ना?"

अधिकारी बाईंनी साहेबांकडे पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून घेतली, आणि त्या शांतपणे बोलत राहिल्या. शहरात नशेच्या गोळ्या विकल्या जातात, शाळा-कॉलेजांच्या बाहेरसुद्धा. विकत घेणारा देतो त्या लहान, चुरगळलेल्या नोटा. त्यांची पोती होतात. पोती घेऊन सीमा ओलांडता येत नाही. बँकेत भरले तर माग राहतो. सोनं जड, आणि ते विकायला पुन्हा कुणावर तरी विश्वास ठेवावा लागतो. "म्हणून या लोकांना ही नोट आवडते," त्यांनी विटकरी रंगाची एक नोट टेबलावर ठेवली. "पोतंभर पैसे कोटाच्या अस्तरात मावतात. नाव नाही, गाव नाही. ज्याच्या हातात असेल त्याची. फक्त एकच अडचण असते. लहानाच्या मोठ्या कुठेतरी करून घ्याव्या लागतात. त्यासाठी काचेमागे एक माणूस लागतं. भलं, जुनं, कुणाला संशय येणार नाही असं."

"पण ते मुलीला पाठवत होते," ती म्हणाली.

"मुलगी याच शहरात असते. धडधाकट आहे. बापाशी बोलत नाही ती, कितीतरी वर्षं झाली."

तिच्या मनात आलं, ऑपरेशनच्या दिवशी आपण उपाशी राहिलो होतो. कुणाला न सांगता.

"काल रात्रीच पकडलं त्यांना," अधिकारी बाई म्हणाल्या. "त्यांनी जबाब दिलाय. रक्कम तोडून आणायची युक्ती तुमची, असं सांगतात. स्वतःच्या नावावर नोटाही तुम्हीच घेऊन दिल्यात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ते साधे निरोपे. डोकं तुमचं."

"असं म्हणाले ते?"

"पहिल्याच तासात."

साहेबांनी घसा खाकरला. त्यांनी तिला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. "ताई, हे बघा. तुम्ही सांगा की त्यानं तुम्हाला धमकावलं. घरी म्हातारी आई आहे, तिच्या जिवाचं काही बरंवाईट करीन म्हणाला. तुम्ही घाबरलात. झालं. वकीलही हेच सांगेल. नोकरी जाईल, पण बाकीचं मी बघतो."

अधिकारी बाईंनी वहीचं कोरं पान उघडलं.

तिनं टेबलावरची ती नोट बोटानं दूर सरकवली. मग म्हणाली, "धमकी नव्हती."

"ताई..."

"नव्हती, साहेब. कुणी मला घाबरवलं नाही. वळलेल्या नोटा कुठून येतात ते मला समजत नव्हतं असंही नाही. समजून घ्यायचं नव्हतं." ती अधिकारी बाईंकडे वळली. "मला ते आवडत होते. लिहून घ्या तसंच."

साहेबांनी मान फिरवली. त्यांनाच लाजल्यासारखं झालं होतं.

दुपारी तिला ओळख पटवायला चौकीत नेलं. व्हरांड्यातल्या बाकावर ते बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. तिला पाहून सवयीनं उठून उभे राहिले.

"मॅडम, माझा इलाज नव्हता. काहीतरी सांगावंच लागतं इथं. तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, तुम्हाला सोडतील म्हणून..." शिपायानं खांदा दाबून त्यांना बसवलं. ते खालूनच पुटपुटले, "पण रविवार खरे होते. शपथेवर सांगतो. तेवढं तरी खरं माना."

तिला त्यांच्या तोंडात द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्यांचं बटण कुठे पडलं असेल असंही मनात आलं. या दुसऱ्या विचारानं तिला स्वतःचाच संताप आला.

"रविवार माझे होते," ती म्हणाली. "तुम्ही नुसते येत होतात."

मग वळून तिनं अधिकारी बाईंना सांगितलं, "हेच ते."

जामिनाचे सोपस्कार साहेबांनी केले. मग ऑफिसात परत येऊन कामाचं ओळखपत्र, खणाची किल्ली आणि मागच्या दाराची किल्ली तिनं त्यांच्या हाती ठेवली. मुली आपापल्या काचेमागे माना खाली घालून बसल्या होत्या. एकीनं फक्त तिचा डबा धुऊन, पुसून पुढे केला.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. आई खिडकीशी बसली होती. एवढ्या लवकर तिला आलेली पाहून म्हणाली, "अगंबाई! बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"काय?"

तिनं पर्स टेबलावर ठेवली. दार लावलं. आईसमोर खुर्ची ओढली. चष्मेवाले बसत त्या बाजूला नाही. समोर, आईला ओठ दिसतील अशी.

"आई, त्यांनी मला फसवलं."

"कुणी? मोठ्यानं बोल बाई."

खिडकी सताड उघडी होती. खाली अंगणात शेजारणी कपडे काढत गप्पा मारत होत्या. समोरच्या गॅलरीत कुणीतरी फोनवर हसत होतं. आईचं दुखणंखुपणं, घरातली भांडणं, सगळं आजवर ती खिडकी लावूनच बोलत आली होती. तिनं उठायला हात टेकले आणि तशीच बसून राहिली.

"चष्मेवाल्यांनी!" ती ओरडून म्हणाली. "फसवलं मला! त्यांची मुलगी आजारी नव्हती! पैसे चोरांचे होते! माझी नोकरी गेली! आता खटला चालेल माझ्यावर!"

खालच्या गप्पा थांबल्या. गॅलरीतलं हसू थांबलं.

आईनं सगळं ऐकलं. तिचे हात मांडीवर तसेच पडून होते. मग तिनं विचारलं, आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुला आवडायचे ना गं ते?"

"हो!" ती त्याहून मोठ्यानं म्हणाली. "आवडायचे!"

आई खुर्चीवरून अर्धवट उठली, आणि तिच्या कपाळावर आलेले केस दोन्ही हातांनी मागे सारत राहिली. खाली कुणीतरी दोरीवरचे कपडे पुन्हा काढायला लागलं, चिमट्यांचा आवाज होऊ न देता.