बुधवारचा लाल बो

जॅनेल पकेट ही बाई कुणावर चटकन विश्वास ठेवणारी नव्हे, आणि टीव्हीवाल्यांवर तर मुळीच नाही. तरी तिनं सही केली. ओवेन्सबरो गावच्या जिममधल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरींच्या चीअरलीडिंगच्या, म्हणजे कसरती नाचाच्या, संघावर मालिका काढायला लॉस एंजेलिसची माणसं येतात काय, बाकीच्या आया उड्या मारत सह्या करतात काय. मग हिच्याच लेकीनं, ब्रिनलीनं, काय घोडं मारलं होतं? जानेवारीपासून सहा आठवडे ते कॅमेरे मॅटभोवती घोटाळत होते. पोरींच्या कमरेला माइकच्या डब्या लावलेल्या असायच्या, त्या पाणी प्यायला गेल्या तरी निघत नसत.

एप्रिलमध्ये मालिका आली. शनिवारी दुपारी सगळ्या आया पेजच्या घरी जमल्या. पेज म्हणजे आयांची पुढारी, तिची मुलगीही संघात. तिनं पातेलंभर बर्गू, म्हणजे मटण-भाज्यांचा दाट रस्सा, रटरटत ठेवला होता, सोबत मक्याचा पाव. तीन भाग हसतखिदळत पार पडले. चौथ्यात कोच डीड्रा पडद्यावर आल्या आणि सगळ्यांचे चमचे हातातच राहिले.

डीड्रा स्टोव्हॉल बावीस वर्षं पोरींना शिकवत होत्या. आवाज चरचरीत, पण जॅनेलनं त्यांना कधी असं लालबुंद झालेलं पाहिलं नव्हतं. "उचल सामान आणि नीघ माझ्या मॅटवरून," त्या पडद्यावर ओरडत होत्या. "पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही." आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर ब्रिनली. भिंतीला टेकून, ओठ आवळून, हमसून हमसून रडणारी. तिच्यामागोमाग खुद्द जॅनेल, खुर्चीत बसून मुलाखत देणारी: "माझ्या लेकीशी कुणी असं बोललेलं मी खपवून घेणार नाही." हे ती बोलली होती खरी, पण शाळेतल्या एका मास्तराबद्दल.

"जॅनेल, तुला ठाऊक होतं हे?" पेजनं विचारलं.

"मला ठाऊक असतं तर ती बाई अजून त्या मॅटवर उभी राहिली असती का?"

संध्याकाळपर्यंत पेजच्या कागदावर एकोणीस सह्या पडल्या. डीड्राला काढा. जिमच्या मालकानं सोमवारी पाचला सगळ्यांना बोलावलं. ओरलँडोची मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, पण आता तिचं कुणाला पडलं होतं?

घरी ब्रिनली ओट्याशी उभी राहून शेंगदाण्याचं लोणी चमच्यानं चाटत होती.

"कोच मला असं कधी बोलल्याच नाहीत, आई."

"मग रडत का होतीस?"

"आठवत नाही."

"डोळे सुजेपर्यंत रडलीस आणि आठवत नाही? मला काय दूधखुळी समजतेस?"

ब्रिनली नखं बघत राहिली. जॅनेलच्या मनात पाल चुकचुकली. बाकीच्या पोरीही असंच म्हणत होत्या, कोच आमच्यावर ओरडल्याच नाहीत. सगळ्यांचं एकच उत्तर म्हणजे पढवलेलं, हे पेजचं म्हणणं जॅनेलला पटलं. शिवाय सोमवारचा सराव बंद दाराआड असायचा. काचेवरचे पडदे ओढून घेतलेले, आयांना आत डोकवायची सोय नाही. तिथं काय काय चालत असेल कोण जाणे. चौदा वर्षांचंही नाही पोर, धाकात असेल बिचारं.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिनं तो भाग पुन्हा लावला, थांबवून थांबवून. पुरावा हवा होता तिला. आणि पुरावा सापडलाही, पण भलताच.

जिममध्ये पोरींच्या डोक्यावरचे फितीचे बो वारांप्रमाणे असत. सोमवारी काळा, बुधवारी लाल, गुरुवारी पांढरा. चुकीचा बो घालून आली की पन्नास उठाबशा, म्हणून कुणी चुकत नसे. हे सगळे बो करायची जॅनेल. फीत कापायची, घड्या घालायच्या, गरम डिंकाच्या ग्लू गननं चिकटवायच्या, बोटं भाजून घ्यायची. चार वर्षं तिचं स्वयंपाकाचं टेबल फितींखाली गाडलेलं होतं. डीड्रा ओरडत होत्या तेव्हा मागच्या सगळ्या पोरींच्या डोक्यावर काळे बो होते. ब्रिनली रडत होती तेव्हा तिच्या डोक्यावर लाल.

"मेल्यांनो," जॅनेल पडद्याला म्हणाली. "दोन वेगळे दिवस शिवलेत होय रे?"

तिला इतका आनंद झाला की विचारू नका. टीव्हीवाल्यांबद्दलचा तिचा संशय खरा निघाला होता! आता उद्या सगळ्यांसमोर ह्या लबाडांचं पितळ उघडं पाडायचं. कुठला बुधवार तेवढा कळला की झालं. ती पडद्याजवळ गेली. लाल बोचं डावं टोक काळपट दिसत होतं, भाजल्यासारखं.

तिथं मात्र तिनं चित्र थांबवलं.

ते टोक तिच्याच हातून भाजलं होतं, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी. दुसरा करायला वेळ नव्हता, म्हणून ब्रिनली तोच घालून गेली, आणि पुढच्या आठवड्यात जॅनेलनं नवा करून दिला. म्हणजे तो बो एकच दिवस वापरला गेला. त्या दिवशी पोरींनी उंच उचललेली ब्रिनली वरून दोनदा पडली होती. खालच्या पोरींनी झेललं, लागलं काही नाही. पण काचेमागून पाहणारी जॅनेल तरातरा उठून गेली आणि पाण्याच्या नळाशी पोरीला गाठून म्हणाली, "सगळ्यांसमोर नाक कापलंस माझं. पेजची पोर बघ आणि तू बघ. तुझी आई आहे हे सांगायचीसुद्धा लाज वाटते मला." घरी येऊन तिनं मॅकरोनी केली, आणि ती विसरून गेली. बोलणारा विसरतो हो. ऐकणाऱ्याच्या मात्र कमरेला माइकची डबी होती.

सोमवारी सकाळी तिनं मार्लोला फोन लावला. मार्लो ही मालिकेची निर्माती, मधाळ बोलायची.

"कोच ओरडल्या ते कुणावर?" जॅनेलनं सरळ विचारलं.

"आमच्या एका कॅमेरावाल्यावर. मुलीला वर उचललेलं असताना तो खाली शिरला होता. कोचचं बरोबरच होतं तसं."

"आणि माझ्या पोरीचं रडणं त्याला जोडलंत? लाज नाही वाटत?"

"जॅनेलताई," मार्लो म्हणाली, "नळाजवळचं तुमचं बोलणंही आहे आमच्याकडे. अगदी स्वच्छ ऐकू येतं. आम्ही नाही वापरलं. तुम्ही आमच्या चांगल्या आई आहात. गोष्टीत वाईट माणूस एकच पुरतं." जरा थांबून ती पुढं म्हणाली, "तुम्ही शांत राहिलात तर ते कुणी ऐकायचं काही कारणच नाही."

जॅनेलनं फोन ठेवला. राग मार्लोचा आला, खूप आला. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते तिला कळत होतं. सुटले, असं वाटलं होतं तिला. क्षणभरच, पण वाटलं होतं.

पाच वाजता काचेच्या खोलीत आया दाटीवाटीनं बसल्या. काचेपलीकडं पोरी सराव करत होत्या. सोमवार असून आज पडदे उघडे ठेवले होते. डीड्रा भिंतीशी उभ्या, हात मागं.

"तो ओरडा कॅमेरावाल्याला होता," त्या म्हणाल्या. "पोरींना विचारा."

"पोरींना तुम्ही पढवलंय," पेज म्हणाली. "बरं, कॅमेरावाला तर कॅमेरावाला. मग ब्रिनली कशानं रडली? ते सांगा."

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे माहीत आहे तुम्हाला."

"आहे. पोरीला मी शब्द दिलाय. मालिका पाहिल्यावर तिनं एका माणसाचं नाव काढू नका म्हणून विनवलं मला. मला काढायचं तर काढा."

खोलीत कुजबुज उठली. बघा, कशी सापडली. मालकानं चष्मा काढून पुसला आणि कागद पुढं ओढला. जॅनेल डीड्रांकडं बघत होती. डीड्रा चुकूनही तिच्याकडं बघत नव्हत्या. बावीस वर्षांचं काम ही बाई एका पोरीच्या शब्दापायी सोडायला निघाली होती, आणि जिला वाचवायचं ती आई तिसऱ्या रांगेत पर्स घट्ट धरून बसली होती.

"माझ्यामुळं रडली," जॅनेल म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती उठून उभी राहिली.

"ब्रिनली माझ्यामुळं रडली. तो बुधवार होता, तिचा बो लाल आहे, घरी जाऊन बघा. नळाजवळ मी तिला म्हटलं, तुझी आई आहे हे सांगायची लाज वाटते. कोच तिथं नव्हत्याच. माझी सही खोड, पेज."

जॅनेलला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. बाकीच्या अठरा बायका तिच्याकडं आता जशा बघत होत्या, तशा मघाशी त्या डीड्रांकडं बघत होत्या, बस इतकंच. काचेपलीकडं ब्रिनलीला ऐकू काही येत नव्हतं, पण सगळी डोकी आईकडं वळलेली तिनं पाहिली आणि कसरतीच्या ठेक्याचे आठ आकडे मोजता मोजता ती सहावर थांबली.

मालकानं कागद घडी करून खिशात घातला. डीड्रा मॅटवर गेल्या, आणि तोच चरचरीत आवाज आला, "पुन्हा पहिल्यापासून."

गाडीत ब्रिनलीनं पट्टा लावला. मग तिनं विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो."

"मी कोचना नको म्हटलं होतं."

"ठाऊक आहे मला. का गं नको म्हणालीस?"

ब्रिनलीनं डोक्यावरचा काळा बो सोडला आणि मांडीवर ठेवून त्याची फीत सारखी करत राहिली.

"त्यांनी तुला टीव्हीवर चांगली आई म्हणून दाखवलं होतं," ती म्हणाली. "मला ते बघायला आवडलं होतं."