तीनदा वर, तीनदा खाली

बाबांच्या ड्रायव्हरला हात लावणं म्हणजे त्यांच्या ताटातला घास उचलणं. तरी मला ते करावं लागलं, कारण आईचं वाचन बंद पडायची वेळ आली होती.

आईला दिसत नाही. ती ब्रेल पट्टीवर वाचते. संगणकाला जोडलेली हातभर लांब पेटी. पडद्यावर मजकूर आला की पेटीतले बारीक खिळे वर येतात आणि आई त्यांवरून बोटं फिरवते. पेटी बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला. पेटी चालते ती बाबांनी तरुणपणी लिहिलेल्या ड्रायव्हरवर, म्हणजे संगणक आणि पेटी यांच्यातल्या दुभाष्यावर. तो कर्नलमध्ये, संगणकाच्या अगदी गाभ्यात, इतर हजारोंच्या कोडाशेजारी मानाने बसलेला. आता कर्नल सांभाळणाऱ्या मंडळींनी निरोप धाडला होता: कोड जुनाट झालाय, नव्या पद्धतीने सोपा करा, नाहीतर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकू. तो काढला की आईची पेटी मुकी.

बाबांनीच केलं असतं, पण हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. एक कळ दाबायला जातात, दुसरीच दाबली जाते. हे आईला कळू द्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

मग मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, त्याला आईची पेटी जोडली आणि बाबा शेजारी खुर्ची ओढून पहाऱ्याला बसले.

"बाबा, हे काय? मेमरी घेतली, पोर्ट उघडलं, आणि कुठे बिनसलं की मागचं सगळं उलट्या क्रमाने हाताने आवरायचं. अर्धा कोड आवराआवरीचाच आहे की!"

"आमच्या वेळी ज्याचं त्याला आवरावं लागायचं."

"आता कर्नल आवरतो."

"लाडावून ठेवलंय तुम्हाला," बाबा म्हणाले.

मी छाटत गेले. कोड निम्म्यावर आला. बाबा नुसतं हं हं करत होते; मनातून खूश होते, पण कबूल करतील तर शपथ.

एका ठिकाणी मात्र ते उखडले. पेटी सुरू होताना पहिल्या अक्षराच्या घरातले खिळे तीनदा वर, तीनदा खाली होत. शेजारी बाबांची टीप: खिळे मोकळे होण्यासाठी आवश्यक.

"ते राहू दे, ठमे."

"कशाला? कंपनीच्या माहितीपत्रकात असलं काहीच नाही."

"आखडतात खिळे."

मी तेवढ्या ओळी काढून पेटी चालवून दाखवली. एकही खिळा आखडला नाही. "बघा!" मी म्हणाले. बाबा चष्मा पुसत बसले. हरले म्हणून रुसले, असं मला वाटलं. माझी अक्कल तेव्हा लॅपटॉपपुरतीच चालत होती.

मंडळींनी ड्रायव्हर स्वीकारला, वर नेटका म्हणून कौतुक केलं. मी घरभर नाचले आणि सकाळी आईच्या संगणकावर तो चढवला.

आईने पट्टीवर बोटं ठेवली आणि ती थांबली. मजकूर आला होता, तरी वाचेना.

"काय गं, चालत नाही का?"

"चालतंय की. पण हे आले नाहीत अजून."

"कोण?"

"तुझे बाबा."

बाबा दारातच उभे होते.

आमच्याकडे कोणी खोलीत आलं की आईच्या हाताच्या पाठीवर बोटाने टकटक करतं, म्हणजे कोण आलं ते तिला कळतं. माझी एक टकटक. बाबांच्या तीन. मी जन्मापासून हे बघतेय, आणि कोडात तेच वाचून माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! मला माझाच राग आला.

"तुला ठाऊक होतं?" बाबांनी आईला विचारलं.

"न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी उठायच्या आत कामावर जायचात. पेटी लावली की आधी तुम्ही, मग बाकीचं जग." आईचा आवाज जरा बारीक झाला. "हल्ली मात्र घरात असूनही पेटीलाच पाठवता. स्वतः नुसते दारात खाकरता."

"मी परत घालते ते," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "कर्नलमध्ये नाही घेणार ती मंडळी, पण वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहिते, आत्ताच—"

"काही नको," आई म्हणाली. तिने पट्टीवरचा हात उचलला आणि पालथा पुढे धरला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते आले, वाकले आणि उजव्या हाताने टकटक केली. तीनच करायच्या होत्या. बोट असं थरथरत होतं की किती झाल्या कोण जाणे.

आईने तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"नवी आवृत्ती जरा थरथरते," ती म्हणाली. मग माझ्या दिशेने तोंड वळवलं. "पण ठमे, हिच्यातलं काही काढायचं नाही हं."