निळ्या लोकरीचं आसन

आपल्या दुरुस्तीच्या दुकानात उत्तरेश्वरनं चिमट्यानं लॅपटॉपच्या पंख्यातून निळ्या लोकरीचा बोळा ओढून काढला आणि टेबलावर ठेवला.

"काका, हे काय हो?"

तात्यारावांनी बोळा पाहताक्षणी ओळखला. ही लोकर त्यांनी स्वतः तुळशीबागेतून आणून बायकोला, हिराला दिली होती.

"चालू असताना ह्याच्याखाली काही घालता का?"

"आसन असतं, लोकरीचं. चहाला उठलो की वरून कव्हरही घालते आमची ही."

"अहो, हा खालून हवा घेतो. गुदमरला की बिचारा."

आता हिराबाईंचं काय सांगावं! त्यांच्या घरात उघडी वस्तू म्हणून दिसायची नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, एवढंच काय, रिमोटलासुद्धा झबलं. त्यात कोथरूडात मेट्रोचं काम निघालं आणि धुळीनं उच्छाद मांडला, तशी बाईंची सुई थांबेना. तीस वर्षांचा मिक्सर अजून ठणठणीत होता, हा त्यांचा अभिमान. हा लॅपटॉप तर आम्रपालीनं, त्यांच्या लेकीनं, हिंजवडीतल्या पहिल्या पगारातून आणलेला. त्याचे लाड विचारूच नका.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप कुरकुरायला लागला, तेव्हा आम्रपाली बंगळुरूहून फोनवर म्हणाली होती, "आई, लॅपटॉप पाच-सहा वर्षंच टिकतात गं. तुमचा नऊ वर्षांचा झाला. रिपेअर वगैरे करत बसू नका, मी नवा पाठवते."

"तुझ्या बंगळुरात नसतील टिकत," हिरा म्हणाली होती. "माझ्या घरात टिकतात."

आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉपनं मान टाकली. तेव्हापासून हिरा धड जेवली नव्हती. "माझ्या हातून तर काही झालं नाही ना हो?" असं तिनं दोनदा विचारलं होतं. उत्तर आता समोर टेबलावर पडलं होतं, आणि ते तिला कळू द्यायचं नाही, एवढं तात्यारावांनी तिथंच ठरवलं.

"दुरुस्त करावा का?"

"धंदा बाजूला ठेवून सांगतो काका, नको. पंखा बदलला तरी वर्षभर चालेल, फार तर दीड. नवा घ्या."

"करा दुरुस्त," तात्याराव म्हणाले. तो चालू झालेला हिराला एकदा दिसायला हवा होता.

नारायण पेठेतलं गिऱ्हाईक संशयी. म्हणून काढलेला जुना भाग ज्याचा त्याला परत द्यायचा, ही उत्तरेश्वरची पद्धत. त्यानं पंखा आणि बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढे केले. दुसरा कुणी असता तर पिशवी बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळा झाला असता. पण तात्यारावांनी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कागद जपण्याचं काम केलेलं. पिशवी सवयीनं शर्टाच्या खिशात गेली.

"काय झालं होतं?" दार उघडताच हिरानं विचारलं.

"वय झालंय त्याचं. दुसरं काही नाही."

"माझ्या कव्हरमुळे नाही ना?"

"छे! तो तर म्हणाला, इतका निगुतीनं ठेवलेला लॅपटॉप बघितला नाही. आसन मात्र धुवायला टाक, मळलंय."

हिराचा चेहरा असा खुलला की तात्यारावांना आपल्या खोटेपणाचं काहीच वाटलं नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

सकाळी ते फिरून आले, तर टेबलावर ती पिशवी उघडी. कपडे भिजवण्याआधी हिरा खिसे तपासते, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! घरातली सगळी कव्हरं काढून तिनं कॉटवर ढीग घातला होता. मिक्सर, मशीन, टीव्ही, सगळंच उघडं. घर ओळखू येईना. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि हिरा हात मांडीवर ठेवून बसली होती.

"सांगायचंत की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तात्यारावांनी पिशवी उचलून पुन्हा खिशात घातली.

"पोरीचा पहिला पगार होता तो," ती म्हणाली. "आणि मी गुदमरवला."

"नऊ वर्षं चालवलास. समोरच्या शालूताईंकडे तेवढ्यात तीन झाले."

हिरानं मान फिरवली. तात्यारावांना फार वाईट वाटलं. त्यांनी ढिगातून टीव्हीचं कव्हर शोधलं, झटकलं आणि टीव्हीवर चढवलं. बातम्या आतून ऐकू येत राहिल्या.

"ह्याला असू दे," ते म्हणाले.

हिरानं टीव्हीकडे बोट दाखवलं.

"अहो, आधी बंद तरी करा तो."

मग पदरानं डोळे पुसत ती स्वतःच उठली, बटण बंद केलं, आणि कव्हरचं एक टोक तिरकं राहिलं होतं ते ओढून सरळ केलं.