पांढरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. इतका जुना, की माझा दगड होऊनही कोट्यवधी वर्षं लोटली. मला अमोनाइट म्हणतात. समुद्रात माझ्या आत एक मऊ जीव राहत होता. तो मेला, मी तळाच्या चिखलात रुतलो आणि चिखलाबरोबर मीही दगड झालो. पुढे समुद्र हटला आणि तिथे चुनखडीची खाण झाली.

त्या खाणीत मला एका घड्याळजीने शोधले. दर सुट्टीला तो हातोडी आणि छिन्नी घेऊन येई. माझ्याभोवतीचा दगड त्याने घड्याळाच्या काट्यांइतक्या बारीक अवजारांनी तीन महिने कोरला, तेव्हा माझी वेटोळी मोकळी झाली. मग त्याने माझ्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि त्यावर काळ्या शाईने आकडा लिहिला: ४७. वहीत सत्तेचाळीससमोर खाण, थर आणि तारीख लिहिली. असे आम्ही एकशे चौदा जण त्याच्या काचेच्या कपाटात राहत होतो.

त्याची धाकटी बहीण त्याच्याकडेच राहत होती. ती म्हणे, "दादा, लोक बायको आणतात, तू दगड आणतोस. दगडापेक्षा वीट मऊ रे!"

"विटेला वेटोळी असतात का, चिमे?" तो हसून विचारी.

चाळीस वर्षं अशी गेली. घड्याळजीची नजर अधू झाली. आता त्याची एकच इच्छा उरली होती: आम्ही सगळे एकत्र संग्रहालयात जावे. त्याने पत्र लिहवून घेतले. तिथल्या बाई पाहायला येणार असे उत्तर आले.

बहिणीने खोली रंगवून घेतली. येणाऱ्या बाईंसमोर दादाचे दगड मळकट दिसू नयेत, म्हणून तो बाहेर गेला असताना तिने आम्हा सगळ्यांना बादलीत घातले आणि साबणाने घासले. धुळीखाली झाकलेली आमच्या पाठीवरची शाई धुळीबरोबरच निघून गेली आणि नुसते पांढरे ठिपके उरले. भिंतीचा रंग उडून ठिपके पडले असावेत, असे तिला वाटले. तेही तिने रंगाऱ्याचे टर्पेंटाइन लावून एकेक करून काढले. आम्ही लखलखलो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. कपाट पाहून त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी मला उलटे केले.

"काका, यांचे नंबर?"

घड्याळजीने माझ्या पाठीवरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. बहीण चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"मीच पुसले," तो म्हणाला. "दिसत नाही ना नीट."

"वही आहे, पण कोणता कुठला ते कळल्याशिवाय घेता येणार नाहीत हो. खात्री असेल तेवढे सांगा."

तो एकेक दगड चाचपू लागला. नऊ ओळखले. माझ्या वेटोळ्यांवरून त्याचा अंगठा बराच वेळ फिरला. 'सत्तेचाळीस म्हण,' मी मनात ओरडत होतो.

"नाही," तो म्हणाला. "अंदाजाने सांगणार नाही."

बाई नऊ जणांना घेऊन गेल्या. बहिणीला रडू आवरेना. "दादा, खोटं का बोललास? मी पुसले ना!"

"तू पुसलेस, पण चूक माझी. चाळीस वर्षांत तुला एकदा तरी सांगितलं का, तो ठिपका कशाचा ते?"

पुढच्या वर्षी तो गेला. आम्ही ज्याला हवे त्याला वाटले गेलो. मी आता एका दवाखान्यात कागदांवर वजन म्हणून असतो. लोक मला उचलतात, "छान आहे," म्हणतात आणि ठेवून देतात.

मित्रांनो, काही सापडले तर ते कुठे सापडले ते जरूर लिहा. दुसऱ्याची वस्तू पुसण्याआधी विचारा. आणि जे जिवापाड जपता, ते का जपता, हे घरातल्या माणसांना सांगा. ती शेजारच्या खोलीत असतात, तेव्हाच सांगा.