प्रफुल्लचं कोर्टातलं भाषण

आमच्या मंडळींना भाषणांचा भारी सोस. इथे टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये कुणाच्या मुलाला नोकरी लागली तरी हार, शाल आणि तासभर भाषणं. त्यामुळे शिक्षा सुनावण्याआधी जज माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला, बोलायला सांगणार हे कळताच सगळे कामाला लागले.

गुन्हा त्याने कबूल केला होता. सरकारी कामाला जाणारे पाइप न तपासताच तपासल्याचे दाखले त्याने सह्या ठोकून दिले होते. बढती हवी होती, दुसरं काही नाही.

मंडळींतल्या प्रल्हादकाकांनी भाषण लिहून आणलं. नागपूरची वस्ती, कंदिलाखालचा अभ्यास, स्कॉलरशिप, घराण्यातला पहिला इंजिनिअर. शोभनामावशींनी त्यात आमची चार वर्षांची लेक मैत्री हिलाही घातलं. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे. फक्त गुन्हा तेवढा राहिला. जज चिडतील."

मला हसूही आलं आणि संतापही. तुरुंगात जायला निघालेला माणूस कोर्टात स्वतःचाच सत्कार करणार होता.

खरं दुखणं वेगळंच होतं. माझे सासरे, भानुदासबाबा, नागपूरहून आले होते. आयुष्यभर शाळामास्तर. मुलाने खोट्या सह्या केल्याचं कळल्यापासून ते त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. कोर्टात येणार नाही, असं मला सांगून मोकळे झाले होते. प्रफुल्लला तुरुंगाची भीती होतीच, पण बापाच्या अबोल्याने तो पार खचला होता.

रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना होती. सगळे पंचशील म्हणत होते. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि प्रफुल्लचा आवाज थांबला. मग हळूहळू सगळेच थांबले.

"पाइप तपासले नव्हते," तो म्हणाला. "मला माहीत होतं. बॉसने प्रेशर केलं नव्हतं, कुणी माझा हात धरला नव्हता. सही मीच केली. एखादा फुटला असता तर माणसं मेली असती."

"अरे बाबा, कोर्टात असं डायरेक्ट नको बोलूस," प्रल्हादकाका कळवळले.

"हेच बोलेल तो," भानुदासबाबा म्हणाले. "चला, शील पूर्ण करा."

शिक्षेच्या दिवशी ह्यूस्टनच्या कोर्टात आमची मंडळी वंदनेला येतात तशी पांढऱ्या कपड्यांत आली. दोन बाकं भरली. बाबा मधोमध बसले. प्रफुल्ल कागद न घेता उभा राहिला आणि घरी बोलला तेच इंग्रजीत बोलला. त्याचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

जजनी चष्म्यावरून मागे पाहिलं. "हे सगळे कोण?"

"माझी माणसं, युवर ऑनर. यांना मी हे आधीच सांगितलंय."

कुणी विचारलं नसताना बाबा उठून उभे राहिले. "आय अ‍ॅम हिज फादर, सर."

सरकारी वकिलाने तीन वर्षं मागितली होती. जजनी एकच दिलं, आणि तयारी करून स्वतःहून हजर व्हायला मुदतही दिली. वकीलबाईंनी माझा हात घट्ट दाबला. मला नाचावंसं वाटत होतं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाबांनी प्रफुल्लच्या खांद्यावर हात टाकला.

"तुरुंगाच्या दारापर्यंत सोडायला मी येणार," ते त्याला म्हणाले. "आणि आणायलाही मीच."