ऑर्गनवर ठेवायचा लॅपटॉप

रिग्मोर डाल्गोरचा जुना लॅपटॉप मे महिन्यात गेला. गेला तोही अगदी शांतपणे. गायकवृंदाला पाठवायच्या पत्राचं शेवटचं वाक्य ती टाइप करत होती, तेवढ्यात पडदा काळा झाला आणि पुन्हा काही केल्या उजळला नाही.

रिग्मोर डेन्मार्कमधल्या हॉल्मस्ट्रुप गावच्या चर्चची ऑर्गनवादक. लॅपटॉप चर्चच्या कामाचा, म्हणजे नवा घ्यायचा तर समितीची मंजुरी हवी. आणि समितीचा अध्यक्ष प्रेबेन केअर. गाई विकून टाकल्यापासून या माणसाची सगळी देखरेख चर्चवर वळली होती. छपराची कौलं, दारांच्या बिजागऱ्या, मेणबत्त्यांचे खोके, सगळं तो जातीनं बघायचा. शाळेत तो आणि रिग्मोर एकाच बाकावर बसायचे, आणि आज साठी उलटली तरी रिग्मोरनं आपलं खोडरबर पळवलंय अशाच सुरात तो तिच्याशी बोलायचा.

"लॅपटॉप घे की. नको कोण म्हणतंय?" प्रेबेन म्हणाला. "पण हे पूर्ण उलटं वळणारं काय काढलंयस?"

"त्याचा पडदा मागे फिरवला की पाटीसारखा होतो. ऑर्गनच्या स्टँडवर ठेवायचा. नोटेशन त्यावरच. जाडजूड फायली जिन्यावरून वर न्यायला नकोत."

"फायली मी नेऊन देतो. आणि लॅपटॉप साधा घे, दारासारखा. उघडला की उघडा, मिटला की मिटला. दोन्हीकडे वळणारी वस्तू आधी बिजागरीत मोडते. चाळीस वर्षं गोठ्याची फाटकं बसवलीत मी."

"मी काय त्यातून गाई बाहेर काढणार आहे?"

"स्टँडवर साधाही राहील," प्रेबेन म्हणाला. "चल, दाखवतो."

आणि खरंच तो घरचा लॅपटॉप काखोटीला मारून चर्चमधल्या ऑर्गनच्या सज्जात चढला. रिग्मोर सराव करत होती, ऑर्गन चालू होता, सगळ्या मोठ्या आवाजांच्या खुंट्या ओढलेल्या होत्या. प्रेबेननं लॅपटॉप उघडून पडदा स्टँडला टेकवला. कीबोर्डाचा भाग साहजिकच पुढे आला आणि सबंधच्या सबंध ऑर्गनच्या पट्ट्यांवर बसला. चर्चमध्ये अशी काही गर्जना उठली की खाली रविवारच्या प्रवचनाची उजळणी करणारी सोल्वाय पाद्रीण हातातले कागद टाकून धावत मधल्या वाटेत आली.

"काय झालं? कोण पडलं?"

"काही नाही, अध्यक्ष लॅपटॉप निवडतायत!" रिग्मोरनं कठड्यावरून वाकून सांगितलं.

प्रेबेननं लॅपटॉप उचलला. कान लाल झाले होते, पण हार मानणारा तो नव्हे. "ठीक आहे. मग स्टँडवर कागद ठेव, आणि लिहायला साधा लॅपटॉप. आजवर चाललंच ना तसं? तू टाइप किती करतेस! त्या उलट्या वळणाऱ्यांचे कीबोर्ड पापडासारखे असतात, आमची पोरगी माइकन सांगत होती."

 खरं कारण रिग्मोरला सांगायचं नव्हतं. प्रेबेनचं म्हणणं रास्त होतं, हे तिलाही कळत होतं. ती भराभर टाइप करायची आणि तिला चांगली खोल दबणारी बटणं आवडायची. तरी ती म्हणाली, "मला उलटा वळणाराच हवा." प्रेबेननं मान हलवली. बाईला हौस आलीय, झालं.

होल्स्टब्रो शहरातल्या दुकानात तो तिच्याबरोबर आला. त्याला बोलावलं नव्हतं, पण गाडी त्याची होती. दुकानातली मुलगी हसतमुख होती.

"तुम्हाला कन्व्हर्टिबल बघायचाय का?"

"कन्व्हर्टिबल म्हणजे छप्पर उघडायची गाडी," प्रेबेन म्हणाला. "आम्ही लॅपटॉप घ्यायला आलोय."

मुलीनं दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. साधा हलका होता, त्याची बटणं सुरेख होती. रिग्मोरनं त्यावर दोन ओळी टाइप केल्या आणि तिला वाटलं, हाच घ्यावा, बोटं कशी घरी आल्यासारखी वाटतात. मग मुलीनं दुसऱ्याचा पडदा पार मागे वळवला, त्याला तंबूसारखं उभं केलं आणि पडद्यावर दोन बोटं फाकवली. अक्षरं मोठी झाली. आणखी मोठी झाली. रिग्मोरनं चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "हा."

"आवडला नाही तर पंधरवड्यात परत आणा," मुलगी म्हणाली.

"आणतो," प्रेबेन म्हणाला.

घरी आल्यावर रिग्मोरनं सगळं नोटेशन त्यात उतरवून घेतलं. चर्चमध्ये एकटी असताना तिनं तंबू स्टँडवर उभा केला आणि स्वर मोठे करत नेले. पडद्यावर एका वेळी जेमतेम दोन ओळी मावत होत्या, मिनिटाला चार वेळा बोट फिरवून पान पुढे सरकवावं लागत होतं, पण त्या दोन ओळी तिला दिसत होत्या! गेलं वर्षभर ती काय काय करत आली होती ते तिचं तिलाच ठाऊक. वाचायच्या चष्म्याला स्टँड लांब पडायचा, लांबच्या चष्म्याला जवळ. बाकावर पुढे सरकलं की पाय पेडलवर नीट पडायचे नाहीत. निम्मं वाजवणं आठवणीवर आणि निम्मं देवावर सोडलेलं. त्या दुपारी तिनं प्रार्थनेआधी वाजवायची एक अख्खी धून न अडखळता वाजवली आणि शेवटी एकटीच मोठ्यानं हसली.

जूनमध्ये प्रेबेनच्या मुलीचं, माइकनचं लग्न होतं. मुलगी एकुलती. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे प्रेबेननं हे लग्न स्वतः उभं केलं होतं. दारावरच्या फुलांच्या कमानीपासून ते बटाट्यांच्या रश्श्यापर्यंत सगळं. आदल्या दिवशी त्यानं रिग्मोरला बजावलं, "मी तिला घेऊन आत येतो तेव्हा ती दमदार मिरवणुकीची धून. डावा, उजवा, डावा, उजवा. मी घरी सराव केलाय. आणि तुझं ते फाटक नीट उभं कर."

"उभं असतं ते."

चर्च भरलं. वेदीपाशी नवरामुलगा येप्पे गळपट्ट्याशी खेळत उभा होता. दारं उघडली. ऑर्गनवरच्या आरशात रिग्मोरला पांढऱ्या पोशाखातली माइकन दिसली, आणि तिच्या शेजारी प्रेबेन, जत्रेत बक्षिसाचा वळू घेऊन निघाल्यासारखा ताठ. रिग्मोरनं सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. मग पायाखालचा सगळ्यात खर्जातला स्वर आला, स्टँड थरथरला आणि तंबूचे पाय गुळगुळीत लाकडावरून घसरले.

लॅपटॉप खाली पडला नाही. तो फक्त पसरला. पण पसरल्याबरोबर त्याची समजूत झाली की आपल्याला कोणीतरी उलटं धरलंय, आणि त्यानं सगळं नोटेशन डोक्यावर उभं केलं.

रिग्मोरनं डाव्या हातानं वाजवणं चालू ठेवून उजव्या हाताच्या बोटानं पडद्याला टोचलं. नोटेशन आडवं झालं. तिनं पुन्हा टोचलं. आता पडदाभर एकच स्वर उरला, तळ्यावरच्या हंसासारखा मोठा. त्याच्या मागे काय होतं आणि पुढे काय, कळायला मार्ग नाही. कागदाची फाईल तिनं मुद्दामच घरी ठेवली होती.

आरशात प्रेबेन अजून मधल्या वाटेच्या पाव हिश्शावर होता.

मग रिग्मोरच्या हातांनी तिला न विचारताच रस्ता बदलला. तिचा बाप गावच्या सभागृहात अकॉर्डियनवर एक चाल वाजवायचा. तीन मात्रांची, नाचाची, उन्हाळ्याच्या संध्याकाळची. तिला नाव नव्हतं, ती कुठे लिहिलेलीही नव्हती. रिग्मोर ती लहानपणी स्वयंपाकघरातल्या बाकाखाली बसून ऐकायची. तीच आता भल्यामोठ्या ऑर्गनमधून खाली उतरली.

प्रेबेनचा डावा पाय उजव्यात अडकला. चार मात्रांवर घोटलेला माणूस, तिसऱ्या मात्रेला पाय कुठे ठेवायचा हे त्याला कळेना. तो एकदा थांबला. वर सज्जाकडे त्यानं असं पाहिलं की रिग्मोरनं आरशातून नजरच काढून घेतली. पण माइकन खुदकन हसली. तिनं बापाचा दंड घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "बाबा, डोला."

"काय?"

"डोला हो! पाय आपोआप पडतात."

आणि प्रेबेन डोलला. आधी ओंडका डोलावा तसा, मग जरा सैल होऊन. दोघं वेदीकडे चालत नव्हती आणि नाचतही नव्हती, मधलंच काहीतरी चाललं होतं. बाकांवरची माणसं खांदे हलवायला लागली. मागच्या रांगेतली एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली आणि तिला कोणी गप्प केलं नाही. येप्पेनं गळपट्टा सोडून दिला होता, तो नुसता हसत होता. वेदीपाशी पोचल्यावर प्रेबेननं मुलीला एक गिरकी दिली आणि मगच तिचा हात सोडला. हे त्यानं सरावात केलेलं नव्हतं.

संध्याकाळी सभागृहात जेवणं चालली होती. पाहुणे मधूनच सुऱ्या ताटांवर वाजवायचे, की नवराबायकोनं खुर्च्यांवर चढून चुंबन घ्यायचं. उन्हं अजून खिडक्यांत रेंगाळत होती. रिग्मोर कोपऱ्यात केकची बशी घेऊन बसली होती, आणि प्रेबेन आपल्याकडेच येतोय हे पाहून तिनं काटा खाली ठेवला.

"सोमवारी परत करून येते," त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "तुझंच खरं होतं. साधाच घ्यायला हवा होता."

"परत करायला कोणी सांगितलं?"

"तू! सतरा वेळा."

"ते लग्नाआधी." प्रेबेन तिच्या शेजारी टेकला. "माझी बायको असती ना, तर तीही अशीच डोलली असती. मी तिला कधी चर्चमध्ये डोलू दिलं नाही." त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "पण मला एक सांग. मघाशी तुला गुच्छ द्यायला वर आलो होतो, तू खाली उतरली होतीस. त्या पडद्यावर एकेक स्वर बटाट्याएवढा होता. एवढे कशाला?"

रिग्मोरनं बशी बाजूला सरकवली.

"दिसत नाही रे मला," ती म्हणाली. "म्हणजे दिसतं. तुझं नाक दिसतंय. पण स्टँडवरचा कागद नाही. तीन चष्मे झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"समितीत सांगू? ऑर्गनवालीला नोटेशन दिसेना म्हणून?"

"समिती म्हणजे कोण? मी, सोल्वाय आणि तिघे म्हातारे. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही!" प्रेबेननं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मलाही भजनांच्या पुस्तकातलं काही दिसत नाही. नाताळापासून मी ओठ हलवतो आणि शेवटचं अक्षर तेवढं जोरात म्हणतो."

"मला वाटलं, तू भावनेनं गातोस!"

"सगळ्यांना तसंच वाटतं."

दोघंही इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी काही न कळताच सुऱ्या वाजवल्या.

सोमवारी ती प्रेबेनबरोबर पुन्हा होल्स्टब्रोला गेली. दुकानातल्या मुलीनं हकीकत ऐकून तोंडावर हात ठेवला आणि मग पडद्याच्या एका कोपऱ्यात बोट लावून दाखवलं. तिथे कुलपाचं छोटं चित्र होतं. ते दाबलं की पडदा फिरायचा थांबतो.

"एवढंच?" रिग्मोर म्हणाली.

"एवढंच. आणि खाली घसरू नये म्हणून ही रबराची पट्टी लावा."

प्रेबेन मात्र शेजारच्या मांडणीवरचा साधा लॅपटॉप उघडमीट करून बघत होता. त्यानं अक्षरं मोठी कशी करायची ते मुलीकडून तीनदा शिकून घेतलं आणि स्वतःसाठी तोच घेतला. भजनांचे शब्द त्यात टाकायचे, घरी पाठ करायचे. "माझा मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहतो," गाडीत बसताना तो म्हणाला. रिग्मोरनं मान डोलावली. तिला ते पटलं होतं.

आठवड्यानं सोल्वायचा फोन आला. शेजारच्या गावचं एक जोडपं ऑगस्टमध्ये लग्न करतंय, आणि त्यांना आत येताना तीच चाल हवीय, माइकनच्या लग्नातली. नोटेशन मिळेल का? तिकडच्या ऑर्गनवाल्याला पाठवायचंय.

नोटेशन नव्हतंच. रिग्मोरनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप पाटीसारखा आडवा केला, त्याचं पेन हातात घेतलं आणि पडद्यावर स्वरांसाठी पाच रेघा आखल्या. बापाची चाल ती पहिल्यांदाच लिहीत होती. पहिला अर्धा भाग सरळ उतरला. दुसऱ्या भागात ती अडली, कारण त्या दिवशी हातांनी नेमकं काय केलं होतं ते तिला आठवेना. शेवटी तिनं प्रेबेनला बोलावलं. तो राय धान्याचा पाव आणि हेरिंग मासे घेऊनच आला.

"इथे खाली येतं," ती गुणगुणत म्हणाली.

"वर जातं. तारारा, रा, रा."

"माझ्या बापाची चाल आहे, प्रेबेन."

"आणि मी त्यावर चाललो होतो. तिथे मी उजव्या पायावर होतो आणि माइकन वळली. वर गेल्याशिवाय माणूस वळतो का?"

"तुला गाण्यातलं काय कळतं?"

"नाही कळत. पाऊल कळतं."

तो उठला आणि हातात हेरिंग ठेवलेला पावाचा तुकडा धरून टेबलापासून फ्रीजपर्यंत डोलत गेला, तोंडानं तारारा चालूच. फ्रीजपाशी वळला. रिग्मोर पेन उचलून ऐकत राहिली. त्याचं बरोबर होतं, चाल तिथे वरच जात होती.

"बस खाली, हेरिंग पडेल," ती म्हणाली, आणि जुना स्वर खोडून तिनं नवा वरच्या रेघेवर लिहिला.