दोन सुट्ट्यांचे बैल

आमच्या पिंपरी पेंढारला सोमवारी मोडा असतो. त्या दिवशी गावात कोणी औत धरत नाही. आम्ही ख्रिस्ती, आमचा विसावा रविवारी. मी दोन्ही पाळते. सोमवारी जुंपलं तर गाव बोलेल, रविवारी जुंपलं तर देव बोलेल, आणि या सरूबाईला कुणाचं बोललेलं सोसत नाही. म्हणून आमच्या जोडीला आठवड्यात दोन सुट्ट्या. शेजारचे गेणभाऊ म्हणतात, "तुमचे बैल न्हाईत, पेन्शनर हाईत."

म्हणू दे. त्यांच्या बैलांच्या बरगड्या मोजून घ्या.

त्या रविवारी मी उपासनेला निघाले, तर गोठ्यात सून बोलत होती. प्रतिभा वैरण टाकता टाकता थोरल्या बैलाला सांगत होती, "तुझं बरंय बाबा. पुढच्या जन्मी मी बैलच होईन."

"ख्रिस्ती माणसाला पुढचा जन्म नसतो," मी म्हटलं.

"म्हणून तर याच जन्माचं इचारते, आई."

तिची जीभ माझ्याच घरात तिखट झालेली. उशीर झाला होता, मी पदर सारखा करून निघाले.

दर रविवारी उपासना झाली की पाळकसाहेब आमच्याकडे जेवतात. कोंबडीचा रस्सा आणि चुलीवरची भाकरी. जुन्नरपर्यंत त्या रस्स्याचं नाव आहे. नाव माझं, हात तिचा. प्रतिभाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. नाताळ सोडला तर ती चर्चच्या बाकावर बसलेली मला आठवत नाही.

चर्चात पंखा कुरकुरत होता. पाळकसाहेबांनी विसाव्याची आज्ञा वाचली. त्या दिवशी कुणाकुणाला थांबवायचं ते त्यात सांगितलंय: तू, तुझा मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरं, दारचा पाव्हणा. मी मनातल्या मनात एकेकाला खाली बसवत गेले, आणि बसवता बसवता माझाच डोळा लागला.

बाकं कुठं गेली कळलं नाही. आमचं कांद्याचं वावर होतं. गोंडे फुललेले, सगळीकडे पांढरं, आणि वारा नसताना डुलत होते. बांधावर सगळे ओळीनं बसले होते. माझा मुलगा संपत, गडी चांगदेव, गेणभाऊसुद्धा. दोन्ही बैल पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून.

मग तो आला. तोंड दिसलं नाही, पण पायांना आमच्याच वावराची माती होती.

"सगळी बसली का?"

"सगळी," मी मान वर करून सांगितलं. "जनावरंसुद्धा. गावात इचारा."

"मग तो धूर कुणाचा?"

वळून पाहिलं. घरावर धुराची बारीक रेघ सरळ वर चालली होती.

"ती सून हाय. तिचं नाव आज्ञेत न्हाई."

तो रागावला असता तर मी भांडले असते. तो नुसता उभा राहिला. बैलांच्या शेजारी त्याच्यापुरती जागा होती, तरी बसेना.

"ती बसली की बसतो."

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन जागचं हललं नाही. त्याचे पाय दुखत असतील, एवढंच मला सारखं वाटत होतं.

आमेन ऐकून जागी झाले. पाळकसाहेब जेवायला बरोबर निघाले; घर येईस्तोवर मी गाडीच्या खिडकीतून आमच्या घरावरचा धूर शोधत राहिले. संपतला वाटलं, ऊन लागलं.

प्रतिभा भाकरी थापत होती. कोंबडी डालग्याखाली, ती संपतने येऊन कापायची.

"ठेव ते पीठ," मी म्हटलं.

"काय चुकलं, आई?"

तांब्याभर पाणी मीच चुलीत ओतलं आणि पाळकसाहेबांकडे वळले. "आज कालची शिळी भाकरी, दही न् ठेचा. चालत नसंल तर ओझरच्या रस्त्याला हॉटेलं लई हाईत."

पाळकसाहेब हसले. "मला शिळीच आवडते, आई. नऊ वर्षांत कुणी इचारलंच न्हाई."

प्रतिभा पिठाच्या हातांनीच उठली. गोठ्यात गेली, थोरल्या बैलाच्या पाठीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. मी तिला जेवायलाही उठवलं नाही. पदरानं माशा वारत बसले.

धूर विरला तेव्हा बांधाकडे नजर गेली. एका जागी गवत दबलेलं होतं, कुणी आत्ताच टेकल्यासारखं. बैल बसला असेल, असं गेणभाऊ म्हणतील. बैल दोन्ही इथं प्रतिभाजवळ होते.